पोटावरील शस्त्रक्रिया आणि पोटाचे बळ : एक विचारणा व तिचे उत्तर



वार्षिक अहवालात प्रामुख्याने जमा-खर्चाचे आकडे, रुग्णसंख्या आणि ऋणनिर्देश असतात. त्यांच्या जोडीला सर्वसामान्यांना पडणाऱ्या एखाद्या वैद्यकीय प्रश्नाचा सोप्या भाषेत परामर्श घ्यावा, या हेतूने हा लेख सादर करीत आहे. प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर असून वैद्य नाही. तथापि रुग्णालयाच्या कार्यालयात बसणाऱ्या माणसाकडे रुग्णांचे नातेवाईक जे प्रश्न घेऊन येतात, त्यांतील बरेचसे अर्धे वैद्यकीय आणि अर्धे आर्थिक असतात. असाच एक प्रश्न अलीकडे वारंवार कानी पडतो. "टमी टक नावाची पोटाची शस्त्रक्रिया केली, तर सुटलेले पोट आत जाईलच, पण कंबरेत आणि पोटात पूर्वीची ताकदही येईल, असे म्हणतात. ते खरे आहे काय? आणि खरे असेल, तर त्यासाठी न्यासाकडून मदत मिळेल काय?"

प्रश्नाचा पहिला भाग शरीरशास्त्राचा आहे आणि दुसरा आपल्या निधीच्या विनियोगाचा. पहिल्याचे उत्तर नीट समजल्याखेरीज दुसऱ्याचे देता येत नाही, म्हणून त्याच क्रमाने विवेचन करीत आहे.

हा प्रश्न हर्णे गावात विचारला जातो, याला विशेष अर्थ आहे. सुवर्णदुर्गासमोरच्या आपल्या किनाऱ्यावर मासळीचा लिलाव होतो, तेव्हा होड्यांतून आलेला माल उथळ पाण्यातून बैलगाड्यांनी किंवा माणसांच्या डोईवरून वर येतो. डोक्यावर चुंबळ आणि तिच्यावर ओल्या मासळीची पाटी घेऊन वाळूतून चालणाऱ्या स्त्रिया हे आपल्या बंदराचे रोजचे दृश्य आहे. हर्णे, पाज, पाजपंढरी या वस्त्यांतील अनेक घरांचा चरितार्थ त्यांच्या मानेच्या, पाठीच्या आणि पोटाच्या बळावर चालतो. शहरातील जाहिरातीत सपाट पोट हा दिसण्याचा विषय असेल; ज्या स्त्रीला दोन-तीन बाळंतपणांनंतर पाटी उचलताना पोट पुढे येते आणि कंबर धरते, तिच्या दृष्टीने तो मिळकतीचा विषय आहे.

पोटाची भिंत कशी असते

पोटाच्या पुढच्या बाजूस, बरगड्यांपासून खाली जांघेच्या हाडापर्यंत, दोन उभे स्नायुपट्टे असतात. त्यांना रेक्टस म्हणतात. त्यांच्या बाजूंना तिरप्या धाग्यांचे दोन थर आणि सर्वांत आत आडव्या धाग्यांचा एक थर असतो. हा आतला थर कमरपट्ट्याप्रमाणे धडाला वेढतो. बाजूच्या या तिन्ही थरांचे चिवट पडदे मध्यभागी एकत्र येऊन गुंफले जातात आणि तेथे एक पांढरी शीर तयार होते. वैद्यकात तिला लिनिया अल्बा, म्हणजे श्वेतरेषा, असे नाव आहे. ही रेषा स्नायूची नसून तंतूंची आहे. ती स्वतः आकुंचन पावत नाही. दोन्ही बाजूंच्या स्नायूंचा ताण एकमेकांकडे पोहोचविणे हे तिचे काम.

आजकाल 'कोअर' हा शब्द सर्रास ऐकू येतो. त्याचा अर्थ केवळ पोटाचे पुढचे स्नायू असा नाही. एखाद्या डब्याची कल्पना करावी. डब्याचे झाकण म्हणजे छाती व पोट यांच्या मधला श्वासपटल, तळ म्हणजे ओटीपोटाखालचे मूत्राशय व गर्भाशय यांना आधार देणारे स्नायू, मागची बाजू म्हणजे पाठीच्या कण्यालगतचे स्नायू आणि पुढची व बाजूची भिंत म्हणजे वर सांगितलेले पोटाचे थर. वजन उचलताना हे सर्व एकाच वेळी आवळले जातात, डब्यातील दाब वाढतो आणि त्या दाबामुळे कण्याला आधार मिळतो. यांपैकी एक बाजू सैल असली, तर उरलेल्या बाजूंवर जादा भार पडतो. पोट सैल झालेल्या काही स्त्रियांना कंबरदुखी होते, किंवा शिंकताना, खोकताना लघवी निसटते, यामागे हेही एक कारण असू शकते.

बाळंतपणानंतर काय घडते

गर्भ वाढू लागला की पोटाची भिंत ताणली जाते, दोन उभे स्नायुपट्टे एकमेकांपासून दूर सरतात आणि मधली श्वेतरेषा रुंद व पातळ होते. या अवस्थेला डायास्टॅसिस रेक्टाय असे म्हणतात. साधारणतः दोन सेंटिमीटरपेक्षा अधिक अंतर पडले, तर ते नोंद घेण्याजोगे मानण्याचा प्रघात आहे. गर्भारपणाच्या शेवटच्या आठवड्यांत असे अंतर पडणे हा रोग नव्हे. ते जवळजवळ प्रत्येकीला पडते.

बाळंतपणानंतर ते बऱ्याच जणींचे आपोआप कमी होते, पण सर्वांचे नाही. नॉर्वेमध्ये पहिलटकरीण असलेल्या ३०० स्त्रियांची पाहणी करण्यात आली व ती २०१६ साली प्रसिद्ध झाली. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी ६० टक्के स्त्रियांत अंतर आढळले, सहा महिन्यांनी सुमारे ४५ टक्के स्त्रियांत, तर वर्षभराने सुमारे ३३ टक्के स्त्रियांत. म्हणजे वर्षानंतरही तीनपैकी एकीत ते शिल्लक होते. याच पाहणीतील दुसरा निष्कर्ष तितकाच लक्षात ठेवण्यासारखा आहे. अंतर असलेल्या स्त्रियांना इतरांपेक्षा कंबरदुखी अधिक होते, असे त्यांत दिसले नाही. त्या स्त्रियांतील अंतर बहुतांशी सौम्य होते, हे खरे. परंतु पोटात फट आहे म्हणून कंबर दुखते, असा सरसकट निष्कर्ष काढता येत नाही, एवढे यावरून स्पष्ट होते. कंबरदुखीला मणक्याची झीज, वजन उचलण्याची चुकीची पद्धत, रक्तक्षय, विश्रांतीचा अभाव अशी इतर अनेक कारणे असतात.

आपल्याकडे बाळंतिणीचे पोट सुती कापडाने बांधण्याची जुनी रीत आहे. ती अनाठायी नाही. ताणलेल्या भिंतीला बाहेरून आधार मिळतो आणि उठता-बसताना बरे वाटते. मात्र बांधण्याने स्नायू बलवान होत नाहीत. पट्टा सोडला की आधारही जातो. शिवाय फार आवळून बांधल्यास दाब खाली, ओटीपोटाच्या तळावर जातो, म्हणून ते बेताने बांधावे असे डॉक्टर सांगतात.

घरच्या घरी या अंतराचा अंदाज घेता येतो. पाठीवर निजून गुडघे दुमडावेत, एका हाताची बोटे बेंबीच्या जरा वर आडवी टेकवावीत आणि डोके व खांदे किंचित उचलावेत. दोन्ही बाजूंच्या कडा आवळलेल्या लागतात आणि त्यांच्यामध्ये दोनपेक्षा अधिक बोटे मावत असतील, तर डॉक्टरांना दाखवावे. नेमके माप सोनोग्राफीने कळते. बेंबीजवळ वेगळी गाठ येत असेल, तर तो हर्निया असू शकतो. अशी गाठ आत जाईनाशी झाली, दुखू लागली किंवा उलट्या सुरू झाल्या, तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

शस्त्रक्रियेत नेमके काय करतात

टमी टक या लोकप्रिय नावाच्या शस्त्रक्रियेला वैद्यकात ॲब्डॉमिनोप्लास्टी म्हणतात. पूर्ण भूल देऊन ती केली जाते आणि तिला काही तास लागतात. ओटीपोटाच्या खालच्या बाजूस, एका नितंबाच्या हाडापासून दुसऱ्यापर्यंत आडवा छेद घेतात. तेथून त्वचा व तिच्याखालची चरबी बरगड्यांपर्यंत सुटी करून वर उचलतात. दोन उभे स्नायुपट्टे दूर गेले असतील, तर त्यांच्यावरचे चिवट आवरण मध्यरेषेत दुमडून वरपासून खालपर्यंत मजबूत टाक्यांनी शिवून घेतात. नंतर त्वचा खाली ओढून जादा भाग कापून टाकतात, बेंबीसाठी नवी जागा करतात आणि छेद शिवतात.

या वर्णनात दोन वेगवेगळी कामे आहेत, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. एक काम त्वचा व चरबी काढण्याचे. त्याने दिसणे बदलते. दुसरे काम भिंत शिवण्याचे. बळाचा संबंध असलाच तर तो या दुसऱ्या कामाशी आहे. काही प्रकारांत फक्त त्वचा व चरबी काढतात, भिंतीला टाके घालीत नाहीत. तशा शस्त्रक्रियेने पोटाचे बळ वाढण्याचे कारण नाही. नळीने चरबी ओढून काढण्याच्या लायपोसक्शन या उपचारालाही हेच लागू आहे. त्याचप्रमाणे ज्यांचे पोट आतड्यांभोवतीच्या चरबीमुळे मोठे आहे, त्यांची ती चरबी भिंतीच्या आत असते. बाहेरून केलेली शस्त्रक्रिया तिथपर्यंत पोहोचतच नाही. त्यावर आहार व हालचाल हाच उपाय.

टाक्यांनी बळ येते काय

स्नायूचे बळ त्याच्या धाग्यांच्या जाडीवर, त्यांना आज्ञा देणाऱ्या मज्जातंतूंवर आणि सरावावर अवलंबून असते. टाके घातल्याने एकही नवा धागा निर्माण होत नाही. या अर्थाने शस्त्रक्रिया बळ देत नाही.

परंतु असलेले बळ वाया जाऊ नये, एवढे ती करू शकते. आपल्या बंदरावरचे साधे उदाहरण घ्यावे. दहा माणसे होडी वर ओढीत असली आणि दोर सैल असेल, तर पहिला जोर दोराचा ढिलेपणा काढण्यातच खर्च होतो. माणसे तीच, त्यांची ताकद तीच. दोर ताठ झाला की होडी हलू लागते. श्वेतरेषा फार सैल झाली असेल, तर आडव्या स्नायूंचा ताण मध्यभागी असाच विरून जातो आणि उभे पट्टे कडेला सरकल्याने त्यांची ओढही तिरपी होते. भिंत शिवल्यावर स्नायू आपापल्या जागी येतात आणि त्यांना ओढायला ताठ दोर मिळतो. पुढे ओढणे हे मात्र त्यांचेच काम. ते व्यायामानेच शिकावे लागते.

हा तर्क झाला. त्याला आधार कितपत आहे, हे पाहणे आवश्यक आहे.

स्वीडनमध्ये झालेला व २०१६ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास स्नायूंमधील फट सांधण्याविषयीचा होता. त्यात टाक्यांनी शिवणे आणि जाळी बसविणे या दोन पद्धतींची तुलना करण्यात आली व जोडीला केवळ व्यायाम करणारा एक गटही होता. पोटाच्या स्नायूंचे बळ यंत्राने मोजले गेले. शस्त्रक्रियेनंतर वेदना कमी झाल्या आणि बळ वाढले, असा निष्कर्ष निघाला. त्याच देशात २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात ६० स्त्रिया होत्या. त्या सर्वांनी आधी व्यायाम करून पाहिला होता आणि त्याने त्यांचा त्रास गेला नव्हता. शस्त्रक्रियेनंतर वर्षभराने जवळजवळ सर्वांनी धडाचे कार्य सुधारल्याचे सांगितले.

ऑस्ट्रेलियातील नऊ केंद्रांवर टमी टक झालेल्या २१४ स्त्रियांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. कंबरदुखीमुळे दैनंदिन कामात किती अडथळा येतो, याची प्रश्नावलीद्वारे टक्केवारी काढतात. ती शस्त्रक्रियेपूर्वी सरासरी २१.६ होती, सहा आठवड्यांनी ८ झाली आणि सहा महिन्यांनी ३.२. लघवी निसटण्याचा त्रासही बराच घटला.

हे आकडे उत्साहवर्धक आहेत यात शंका नाही. परंतु हिशेब तपासणाऱ्याने केवळ जमेची बाजू पाहून चालत नाही. ऑस्ट्रेलियातील अभ्यासात शस्त्रक्रिया न झालेल्या स्त्रियांचा तुलनेसाठी गट नव्हता. पाहणी सहा महिन्यांपुरती होती. उत्तरे स्वतः रुग्णांनी दिलेली होती, आणि ज्याने मनाने निश्चय करून एवढा मोठा उपचार घेतला, त्याला काही अंशी बरे वाटणे साहजिकच असते. कंबरदुखी काळानुसार आपोआपही कमी होते. शिवाय हे अभ्यास निवडक रुग्णांचे आहेत. सरसकट सुटलेल्या पोटाचे नाहीत. म्हणून आज प्रामाणिकपणे इतकेच म्हणता येते की, ज्यांच्या स्नायूंमध्ये मोठे अंतर पडले आहे, ज्यांना त्यामुळे काम करताना अडचण येते आणि ज्यांना व्यायामाने गुण आला नाही, अशा स्त्रियांना भिंत शिवल्याने लाभ होण्याचा संभव बराच आहे. इतरांना पोटाच्या बळासाठी ही शस्त्रक्रिया सुचविण्यास पुरेसा आधार नाही.

व्यायामाची बाजू

व्यायामाविषयीही अतिशयोक्ती होते, म्हणून तीही बाजू मांडतो. नॉर्वेमध्ये १७५ नवमातांवर झालेल्या व २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपासून चार महिने देखरेखीखाली व्यायाम करणाऱ्या आणि न करणाऱ्या स्त्रियांत अंतर उरण्याच्या प्रमाणात फरक आढळला नाही. तेथीलच २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ७० स्त्रिया होत्या. निजून डोके व खांदे उचलण्याचा व्यायाम बारा आठवडे केल्यावर अंतर वाढलेही नाही आणि कमीही झाले नाही. मात्र स्नायूंचे बळ वाढले.

या शेवटच्या वाक्यात आपल्या मूळ प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. फट आणि बळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फट तशीच राहूनही बळ वाढू शकते, आणि पाटी उचलणाऱ्या स्त्रीला बळ हवे असते, फटीचे माप नव्हे. त्यामुळे फिजिओथेरपिस्टच्या मार्गदर्शनाखाली काही महिने नियमित व्यायाम हा पहिला उपाय ठरतो. श्वास सोडताना पोट हळूच आत घेणे, ओटीपोटाचा तळ आवळणे, पाठीवर निजून कंबर उचलणे, आणि पुढे क्रमाक्रमाने वजन वाढविणे, असा त्याचा सर्वसाधारण क्रम असतो. ओझे उचलताना कमरेत न वाकता गुडघ्यांत वाकणे, ओझे अंगाजवळ धरणे आणि उचलतेवेळी श्वास न कोंडता सोडणे, या सवयी कोणत्याही शस्त्रक्रियेविना लागू शकतात. पाटी डोक्यावर चढविताना दुसऱ्या बाईने हात लावण्याची आपल्याकडची पद्धतही जपावी; सर्वांत मोठा ताण उचलण्याच्या त्या क्षणीच पडतो.

धोके आणि बिलात न दिसणारा खर्च

ही मोठी शस्त्रक्रिया आहे. त्वचेखाली पाणी साचणे ही तिच्यातील नेहमी आढळणारी तक्रार. जखमेत जंतुसंसर्ग, रक्तस्राव, त्वचेचा काही भाग मृत होणे, छेदाच्या भोवती दीर्घकाळ बधिरपणा राहणे, हेही घडते. पायातील शिरेत रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाणे हा दुर्मीळ पण प्राणघातक धोका आहे. मधुमेह आटोक्यात नसेल, तर जखम भरण्यास विलंब होतो. तंबाखूचे सर्व प्रकार त्वचेचा रक्तपुरवठा घटवितात. आपल्या भागात मिश्री लावणाऱ्या स्त्रिया स्वतःला तंबाखू खाणाऱ्यांत धरीत नाहीत, म्हणून डॉक्टरांनी विचारल्यावर त्या "नाही" म्हणतात. मिश्री हीही तंबाखूच होय. ती शस्त्रक्रियेपूर्वी काही आठवडे बंद केलीच पाहिजे. पुढे आणखी मूल हवे असेल, तर ही शस्त्रक्रिया लांबणीवर टाकावी, कारण नव्या गर्भारपणात शिवलेली भिंत पुन्हा ताणली जाण्याचा संभव असतो.

शस्त्रक्रियेनंतर पहिले काही दिवस रुग्णास वाकून चालावे लागते. सुमारे सहा आठवडे जड वजन उचलण्यास मनाई असते आणि पूर्ण ताकदीचे काम त्यानंतर हळूहळू सुरू करावयाचे असते. कचेरीत बसून काम करणाऱ्यास ही रजा परवडते. रोजच्या लिलावावर पोट असणाऱ्या स्त्रीचे दीड-दोन महिन्यांचे उत्पन्न बुडते. शिवाय पाणी भरणे, लहान मूल कडेवर घेणे ही कामे दुसऱ्या कोणाला करावी लागतात. हा खर्च कोणत्याही रुग्णालयाच्या बिलात दिसत नाही, पण कुटुंबाच्या वहीत तो पहिल्या ओळीवर असतो. ज्यांना शस्त्रक्रिया खरोखरीच आवश्यक ठरते, त्यांनी ती पावसाळी मासेमारी बंदीच्या काळात करून घेण्याचा विचार डॉक्टरांच्या सल्ल्याने करावा. बंदर थंड असते, तेव्हा विश्रांतीचा बुडीत खर्च कमी होतो.

पैशाचा प्रश्न

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. सरकारी योजना आणि विमा कंपन्या सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेचा खर्च देत नाहीत. आयुष्मान भारत योजनेच्या वगळलेल्या बाबींत अशा शस्त्रक्रिया आहेत. आरोग्यविम्याच्या प्रमाणित अटींतही त्या वगळल्या असून अपघात, भाजणे, कर्करोग यांनंतरची पुनर्रचना किंवा आरोग्यास थेट व तातडीचा धोका दूर करण्यासाठी वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक उपचार, एवढाच अपवाद आहे. वस्तू व सेवा कर २०१७ साली लागू झाला, तेव्हा आरोग्यसेवेला करमाफी मिळाली. परंतु सौंदर्यशस्त्रक्रिया त्या माफीबाहेर राहिली. जन्मजात दोष, वाढीतील विकृती, इजा किंवा आघात यांमुळे बिघडलेली शरीराची रचना वा कार्य पूर्ववत करण्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेला माफी आहे. या यादीत बाळंतपणाचा उल्लेख नाही. बाळंतपणाने सैल झालेली भिंत अशा रीतीने कायद्याच्या दोन रकान्यांच्या मधोमध, जणू स्वतःच एका फटीत, सापडली आहे.

प्लास्टिक सर्जरी म्हणजे केवळ हौस, ही समजूत मात्र आपल्या प्रांताच्या इतिहासाशी विसंगत आहे. इंग्रजी फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा मराठी मुलखातील माणूस टिपू सुलतानाच्या कैदेत सापडला आणि त्याचे नाक कापण्यात आले. पुण्याजवळ एका देशी कारागिराने त्याच्या कपाळाच्या कातडीतून त्याला नवे नाक करून दिले. हे वृत्त ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' या मासिकात छापून आले आणि युरोपातील शल्यविशारदांनी ही विद्या त्यावरून उचलली. विसाव्या शतकात मुंबईच्या सर जे. जे. रुग्णालयातील डॉ. नोशीर अंतिया यांनी कुष्ठरुग्णांच्या विकृती सुधारण्यासाठी हेच शास्त्र वापरले आणि त्यांना समाजात परत येण्याचा मार्ग खुला केला. म्हणजे शस्त्रक्रियेच्या नावावरून तिची योग्यता ठरत नाही. ती कोणासाठी आणि कशासाठी, यावरून ठरते.

धर्मादाय रुग्णालयांवर कायद्याने काही बंधने आहेत. सार्वजनिक न्यास अधिनियमाच्या कलम ४१ अअ अन्वये मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली जी योजना घालून दिली, तिच्यानुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवावयाच्या असतात, आणि बिलांच्या रकमेतून २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावयाची असते. या निधीतील प्रत्येक रुपया एका गरजूकडून दुसऱ्या गरजूकडे वळविलेला रुपया असतो. एका स्त्रीच्या शस्त्रक्रियेला दिलेली रक्कम दुसऱ्या कोणाच्या हृदयविकाराच्या किंवा अवघड बाळंतपणाच्या उपचाराला मिळत नाही. त्यामुळे दया आणि हिशेब यांची येथे सांगड घालावीच लागते.

या सर्व विवेचनाच्या आधारे विश्वस्त मंडळाच्या विचारार्थ पुढील निकष सुचवावेसे वाटतात. अर्जदार स्त्रीचे कुटुंब पूर्ण झालेले असावे. फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली किमान काही महिने तिने व्यायाम केलेला असावा आणि त्याची नोंद असावी. सोनोग्राफीने अंतर मोजलेले असावे व हर्निया आहे किंवा कसे, हे पाहिलेले असावे. हर्निया असल्यास त्याचा विचार सौंदर्यशस्त्रक्रियेच्या रकान्यात न करता नेहमीच्या उपचाराप्रमाणे व्हावा. रोजच्या कामात नेमकी काय अडचण आहे, ते डॉक्टरांनी लेखी द्यावे. कंबरदुखीची इतर कारणे तपासलेली असावीत. शस्त्रक्रियेसाठी केईएम, सायन, नायर, जे. जे. किंवा पुण्याचे ससून यांसारख्या ज्या मोठ्या सार्वजनिक रुग्णालयांत प्लास्टिक सर्जरीचे विभाग आहेत, तेथे प्रथम पाठविण्यात यावे. आणि मदत मंजूर झाल्यास तिच्यात विश्रांतीच्या काळातील घरखर्चाचा काही अंश धरावा, नाहीतर रुग्ण तिसऱ्या आठवड्यातच पाटी उचलील आणि सर्व खर्च पाण्यात जाईल.

याहून महत्त्वाची विनंती देणगीदारांस आहे. एका शस्त्रक्रियेच्या खर्चात अनेक बाळंतिणींना व्यायामाचे मार्गदर्शन देता येते. बाळंतपणानंतर सहाव्या आठवड्यास प्रत्येक मातेच्या पोटाची व ओटीपोटाच्या तळाची तपासणी व्हावी, तिला व्यायाम शिकवावा आणि ओझे कसे उचलावे हे सांगावे, यासाठी फार मोठी यंत्रसामग्री लागत नाही. एक जाणकार फिजिओथेरपिस्ट, एक स्वच्छ खोली, काही सतरंज्या आणि वस्तीवर जाऊन बायकांना बोलावून आणणारी एक कार्यकर्ती, एवढे पुरते. अशा कामासाठी निधी देणाऱ्याचे नाव कोनशिलेवर झळकणार नाही कदाचित. पण लिलावाच्या वेळी न कण्हता पाटी उचलणाऱ्या बाईच्या चालण्यात ते दिसत राहील.

रुग्णांच्या आप्तेष्टांस शेवटी एवढेच सांगणे की, घरातील स्त्री "पोट सुटले" अशी तक्रार करील, तेव्हा ती हसण्यावारी नेऊ नये आणि जाहिरात पाहून कर्जही काढू नये. प्रथम तिला तपासणीस आणावे. उपाय बहुधा चटईवर सापडतो, थोड्या जणींचा शस्त्रक्रियागृहात. आणि कोणाचा कोठे आहे, हे तपासणीनंतरच कळते.